इंजिन प्रचंड तापून बंद पडलं: आत किती नुकसान झालंय हे कसं ठरवायचं?

मोकळा_रस्ता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घरची गाडी आहे, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बिडाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड (ब्लॉकवर बसणारा वरचा भाग). मामेबहीण लांबच्या चढावर चालवत होती आणि रेडिएटरचा वरचा होज पाइप फाटला. लाल दिवा लागला, पण रस्ता अरुंद. बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत बॉनेटमधून वाफ यायला लागली होती आणि गाडी थांबायच्या आतच इंजिन जड होत होत बंद पडलं. त्यानंतर तिने सेल्फ मारलेला नाही. टोचन करून गाडी घरी आणली, तेव्हापासून ती जागेवरच उभी आहे.

दोन मिस्त्री येऊन बघून गेले. एक म्हणतो पाइप बदलू, कूलंट भरू, चालू करू. चालली तर प्रश्न मिटला. दुसरा म्हणतो इंजिन गेलं, तपासण्यात वेळ घालवू नका, दुसरं बसवा. मापं मात्र दोघांनीही काहीच घेतली नाहीत. मला हेच कळून घ्यायचंय की कोणत्या क्रमाने काय तपासलं तर आतलं नुकसान खात्रीने समजेल.

आणखी एक. बहीण म्हणते, वाफ येत होती तेव्हा तापमानाचा काटा वर होता तो उलट खाली आला. असं कसं होतं?

फीलर_गेज

मशीन शॉपमध्ये हेडचंच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, तुमच्या बहिणीने पुन्हा सेल्फ मारला नाही हे फार बरं झालं. तापून बंद पडलेलं इंजिन थोडं निवल्यावर "बघू चालू होतंय का" म्हणून फिरवलं जातं, आणि जे हेड गॅस्केटवर (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलवर) भागलं असतं ते बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) आणि पिस्टनपर्यंत पोचतं. तुमच्याकडे अजून सगळे पर्याय शिल्लक आहेत. गरम इंजिनवर गार पाणी ओतलं गेलं नसेल, तर तेही चांगलंच.

काट्याचं कोडं सोपं आहे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट निघून गेलं की तो हवेत किंवा वाफेत राहतो, आणि वाफ धातूची उष्णता त्याच्यापर्यंत तितकी पोचवत नाही. त्यामुळे हेड भाजत असताना काटा खाली येऊ शकतो. ज्यांनी हा धागा उघडलाय त्यांनी एवढं लक्षात ठेवा: वर गेलेला काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका, इंजिन बंद करा.

याच कारणासाठी स्कॅनरने कोड (गाडीच्या संगणकाने नोंदलेले दोष) वाचताना सावध राहा. पी०२१७ हा अतितापमानाचा कोड. त्याच्यासोबत बऱ्याचदा त्या क्षणाचं तापमान नोंदलेलं असतं. ते नक्की लिहून ठेवा, पण तो आकडा कूलंट असेपर्यंतचा आहे. खरं तापमान त्याच्या वर कुठेतरी गेलं असणार.

आता नुकसान होतं कशामुळे ते बघू, म्हणजे तपासणीचा क्रम आपोआप कळेल. अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला दर अंश सेल्सियसला साधारण २३ मायक्रॉन वाढतं, बीड ११ च्या आसपास. ४०० मिमी लांबीचं हेड नेहमीपेक्षा १०० अंश जास्त तापलं तर त्याला ब्लॉकपेक्षा जवळपास अर्धा मिलिमीटर जास्त लांब व्हायचं असतं. पण बोल्टांनी ते जखडलेलं असतं, आणि सगळीकडे सारखं तापलेलंही नसतं. मग ते वाकतं. गॅस्केट चेपतं, गार झाल्यावर दाब सुटतो आणि फट राहते. म्हणून पहिला संशय नेहमी हेड आणि गॅस्केटवर घ्यायचा, मग पिस्टन आणि बोअर, मग बेअरिंग.

गाडी पूर्ण थंड आहे, त्यामुळे आज हात घालायला हरकत नाही. फक्त रेडिएटरची कॅप एकदम फिरवू नका, सवयच तशी ठेवा. ऑइलची डिपस्टिक काढा. पातळी वाढलीय का, रंग दुधाळ आहे का, जळका वास येतो का ते बघा. कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग आहे का बघा. ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस असेल तर तेवढ्यावरून घाबरू नका. थंडीत छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांत दमटपणामुळेही तो जमतो. डिपस्टिकवरचं ऑइल जास्त विश्वासाचं.

मग चारही प्लग काढा, कुठला कोणत्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा. एखादा इतरांपेक्षा लख्ख धुतल्यासारखा दिसला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात होतं असं समजा. प्लग बाहेर असतानाच पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन हाताने फिरवा, त्याच्या नेहमीच्या दिशेने. आधी प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा. अडकलं तर जोर लावू नका, इथे लिहा.

तिसरा_गिअर

माहिती चांगली आहे, पण मला पहिल्या मिस्त्रीचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नाही. माझ्या ओळखीत एका गाडीचा पाइप असाच फुटला होता, पाइप बदलला, गाडी चालू झाली आणि आजही चालतेय. प्रत्येक वेळी एवढ्या चाचण्या कशाला?

फीलर_गेज

तिसरा_गिअर, तसं होतंही. काटा लाल पट्ट्याला टेकला, चालकाने लगेच इंजिन बंद केलं, कूलंट बरंचसं आत राहिलं, तर बहुतेकदा पाइप बदलून काम भागतं. इथे तसं नाही. कूलंट निघून गेल्यावर इंजिन ओढत राहिलं आणि *आपोआप* बंद पडलं. म्हणजे एकतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलं, नाहीतर पिस्टन फुगून बोअरमध्ये आवळले. दोन्हीपैकी काय झालं ते न बघता सेल्फ मारणं मला पटत नाही. शिवाय सिलिंडरमध्ये कूलंट साठलं असेल आणि सेल्फ मारला, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून हाताने फिरवण्यात ही भीती नाही.

आणि गाडी चालू होणं हा काही निकाल नव्हे. वाकलेल्या हेडचं इंजिनसुद्धा चालू होतं. ते काही आठवड्यांनी चढावर पुन्हा तापतं, तेव्हा ब्लॉकही सोबत जातो.

मोकळा_रस्ता (धागाकर्ता)

तपासलं. ऑइल काळपट आहे, जळका वास स्पष्ट येतोय, पण दुधाळ नाही आणि पातळीही वाढलेली नाही. बाटली रिकामी, तवंग नाही. २ आणि ३ नंबरचे प्लग बाकीच्या दोघांपेक्षा स्वच्छ दिसतात. पुलीवरून इंजिन फिरलं! सुरुवातीला किंचित जड, मग पूर्ण फेऱ्या मोकळ्या. स्कॅनरवर पी०२१७ आणि मिसफायरचा (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचा) पी०३०० दोन्ही आहेत, नोंदलेलं तापमान १२८ अंश. बॉनेटखाली कूलंटच्या बाटलीची नळी आणि एका कनेक्टरचं प्लॅस्टिक मऊ पडून वाकलंय.

फीलर_गेज

इंजिन फिरलं, म्हणजे खालचा भाग वाचायची बरीच आशा आहे. १२८ हा आकडाही बोलका आहे. पाणी आणि कूलंट निम्मेनिम्मे असेल आणि कॅप साधारण १ बार दाब धरत असेल, तर उकळबिंदू १२५ ते १३० अंशांच्या घरात येतो. म्हणजे सेन्सरने शेवटचं खरं मोजलं ते उकळतानाचं. पुढचं हेडने एकट्याने सोसलं.

आता नवा पाइप लावा, कूलंट भरा आणि प्रेशर टेस्टर लावा, म्हणजे कॅपच्या जागी बसणारा हातपंप आणि गेज. कॅपवर छापलेल्या दाबाइतकाच दाब द्या, जास्त नको. पंधरा मिनिटं थांबा. प्लग बाहेरच असू द्या. दाब उतरला आणि बाहेर कुठे थेंब दिसला नाही, तर प्लगच्या भोकातून बोरस्कोप घालून बघा. हल्ली मोबाइलला जोडायचे साधे कॅमेरे मिळतात, तेवढे पुरतात. पिस्टनवर हिरवा किंवा गुलाबी थेंब दिसला की उत्तर मिळालं.

कॅमेरा आत आहेच तर पिस्टन खाली नेऊन बोअरच्या भिंतीही बघा. होनिंगच्या (बोअर घासून तयार करतानाच्या) तिरक्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत. त्यांच्यावर उभे ओरखडे किंवा चकाकणारे पट्टे असतील तर पिस्टन घासलाय. अतितापामुळे आवळलेला पिस्टन बहुधा त्याला रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या दोन्ही बाजूंना, चार कोपऱ्यांवर घासतो, कारण तिथे धातू जास्त आणि वाढही जास्त. वर्तुळाच्या एकाच बाजूला ओरखडे असतील तर कारण वेगळं असू शकतं, वंगण कमी पडणं वगैरे.

उलटा_पाना

माझा प्रश्न थोडा वेगळा. माझी गाडी तापली होती पण चालू आहे, फक्त कूलंट हळूहळू कमी होतंय. मलाही हेच करावं लागेल का? दुकानात गळती बंद करणारी पावडर मिळते ती टाकली तर?

फीलर_गेज

उलटा_पाना, तुमच्यासाठी रसायनाची चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी ठेवतात, तिच्यात निळं द्रावण असतं. इंजिन चालू ठेवून कूलंटवरची हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पेट्रोल गाडीत निळ्याचं पिवळं होतं. दोन गोष्टी सांभाळा. कूलंट स्वतः नळीत ओढलं जाऊ देऊ नका, पातळी थोडी खाली ठेवा. आणि इंजिन चांगलं गरम झाल्यावर, थोडं रेस करूनही बघा, कारण काही फटी भाराखालीच उघडतात. एकदा निळं राहिलं म्हणून गॅस्केट निर्दोष ठरत नाही.

घरच्या घरी एक खूण बघा. सकाळी पूर्ण थंड गाडी चालू केल्यावर एकदोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही. तेवढ्यात कूलंट तापतच नाही. तो सिलिंडरमधला वायू आहे.

पावडर टाकू नका, मनापासून सांगतो. ती फट आणि हीटरची बारीक जाळी यांच्यात भेद करत नाही. हीटर कोअर आणि रेडिएटरच्या नळ्या तुंबतात, आणि पुढच्या वेळी तापायचं नवं कारण तयार होतं.

काळं_ऑइल

+१, पावडरीबद्दल विशेष करून. डिझेलवाल्यांसाठी भर घालतो. डिझेलचं कॉम्प्रेशन साधारण ३५० ते ४५० पीएसआय (दाबाचं एकक) असतं, त्यामुळे पेट्रोलचं गेज लावू नका. ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या जागी बसणारा अडॅप्टर आणि मोठ्या मापाचं गेज लागतं. रसायनाच्या चाचणीत डिझेलला रंग पिवळ्याऐवजी हिरवट येतो, म्हणून "पिवळं झालं नाही" असं म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याच डिझेल हेडना फेसिंगची (खालचा भाग मशीनवर घासून सपाट करण्याची) परवानगीच नसते. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या पातळीपेक्षा किती बाहेर येतो ते डायल गेजने मोजून गॅस्केटची जाडी निवडावी लागते, आणि ती जाडी गॅस्केटच्या कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात. जुन्यावर जितक्या खाचा तितक्याच नव्यावर, असं डोळे झाकून केलं तर व्हॉल्व पिस्टनला लागू शकतो.

मोकळा_रस्ता (धागाकर्ता)

प्रेशर टेस्टमध्ये १ बार दिला, पंधरा मिनिटांत ०.६ वर आला. बाहेर एक थेंब नाही. कॅमेऱ्यात २ आणि ३ नंबरच्या पिस्टनवर गुलाबी ओल दिसते. बोअरच्या तिरक्या रेघा चारही सिलिंडरमध्ये शाबूत आहेत, उभे ओरखडे नाहीत. आता हेड उतरवायला सांगू का?

फीलर_गेज

हेड उतरणार हे नक्की, पण त्याआधी कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते ती चाचणी) घ्याच. हेड एकदा उतरलं की रिंगांची (पिस्टनवरच्या कड्यांची) अवस्था मोजता येणार नाही, आणि तुमचा खरा प्रश्न "खालचं इंजिन ठेवायचं का" हाच आहे.

आधी सेल्फ मारून आतली ओल बाहेर फेका: प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, भोकांवर फडकं, तोंड बाजूला. मग कॉम्प्रेशन. थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली हवी. थंड इंजिनवर आकडे थोडे कमी येतील. आपल्याला एकमेकांशी तुलना करायचीय. बहुतेक पेट्रोल इंजिनांत १५० ते २०० पीएसआय येतं, आणि सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली नसावा. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सारखेच कमी आले तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी गेली असं समजा.

लीकडाउनमध्ये पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून कॉम्प्रेसरची हवा सोडतात आणि किती टक्के निसटते ते बघतात. इंजिन दाबाने फिरू शकतं, म्हणून पुलीच्या बोल्टवरून पाना आणि हात दोन्ही काढून घ्या. टक्क्यांपेक्षा मला कानांवर जास्त भरवसा आहे. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, थ्रॉटलमधून आली तर इनटेक. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा.

मोकळा_रस्ता (धागाकर्ता)

कॉम्प्रेशन १ ते ४ क्रमाने: १७०, ९५, ९०, १६५. ऑइल सोडूनही २ आणि ३ मध्ये फरक पडला नाही. लीकडाउन १ आणि ४ मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास. २ नंबरला हवा सोडली तर ३ च्या प्लगच्या भोकातून हवा हाताला लागते आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. ऑइलच्या झाकणाशी मात्र अगदी शांत.

तिसरा_गिअर

मग हे सरळसरळ गॅस्केटच. मी माझं मत बदलतो, सेल्फ मारला असता तर पंचाईत झाली असती. आता गॅस्केट बदललं, हेड फेसिंग केलं की झालं ना?

फीलर_गेज

इथेच सगळ्यात जास्त हेडं चुकीच्या निर्णयाने परत बसवली जातात, म्हणून थोडं लांब लिहितो.

हेड पूर्ण थंड असताना उतरवा, बोल्ट उतरत्या क्रमाने, म्हणजे आवळायच्या क्रमाच्या उलट, थोडे थोडे ढिले करत. मग पृष्ठभाग स्वच्छ करून स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत मोजा. कंपनीच्या पुस्तकातली मर्यादा बघा. बऱ्याच इंजिनांना ०.०५ मिमी, काहींना ०.१ मिमीपर्यंत चालतं. ब्लॉकचा वरचा भागही तसाच मोजा, तो विसरला जातो. साफ करताना ग्राइंडरला लावायच्या खरखरीत चकत्या वापरू नका. त्या अ‍ॅल्युमिनियम खड्ड्यांत खातात आणि त्यांचा कण ऑइलमध्ये गेला तर बेअरिंग संपतात.

समजा हेड वाकलंय. खालून फेस मारला की खालचा भाग सपाट होतो. पण हेड वाकलं तेव्हा वरचं कॅमशाफ्टचं (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याचं) घरही सोबत वाकलं, ते तसंच राहतं. मग कॅम वाकड्या घरात फिरतो, जर्नल (त्याचे टेकण्याचे गोल भाग) घासतात, कधी कॅमच तुटतो. म्हणून फेसिंगआधी टॅपेट आणि व्हॉल्व काढून, नुसता कॅम ठेवून त्याच्या वरच्या कॅपा योग्य टॉर्कला (ठरलेल्या जोराने) आवळा. कॅम दोन बोटांनी फिरला पाहिजे. अडत असेल तर नुसत्या फेसिंगचा उपयोग नाही. हेड आधी सरळ करावं लागतं, जाड प्लेटवर शिम (पातळ पट्ट्या) देऊन बांधतात आणि भट्टीत तापवतात. ते प्रत्येकाला जमत नाही.

दुसरी तपासणी तड्यांची. व्हॉल्वच्या दोन सीटांमधल्या अरुंद पुलावर नीट बघा. डोळ्याला न दिसणारा तडा रंगाच्या चाचणीत दिसतो. चुंबकाची पद्धत अ‍ॅल्युमिनियमवर चालत नाही, ती बिडासाठी. त्याहून पक्की म्हणजे पाण्याच्या वाटा बंद करून, हवा भरून, हेड गरम पाण्यात बुडवणं, कारण काही तडे गरम झाल्यावरच उघडतात. सीट जागेवर घट्ट आहेत का तेही ठोकून बघतात; खूप तापलेल्या हेडमध्ये त्या सैल होतात आणि पुढे चालत्या इंजिनमध्ये निसटतात.

तिसरी तपासणी कठीणपणाची. फार थोडे लोक ही करून घेतात, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. हेडचा मिश्रधातू कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेला असतो. बराच वेळ २०० अंशांच्या वर राहिला तर तो मऊ पडतो, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. मऊ हेड मशीनवर आरशासारखं सपाट होतं, छान बसतं आणि बोल्टांच्या दाबाखाली पुन्हा चेपतं. गॅस्केट पुन्हा जातं आणि दोष गॅस्केटला दिला जातो. ब्रिनेलच्या (कठीणपणा मोजण्याच्या) उपकरणाने दोन टोकांना आणि मध्ये कठीणपणा मोजून घ्या, चाचणीचे व्रण गॅस्केटच्या सीलिंगच्या जागेपासून दूर ठेवायला सांगा.

मोकळा_रस्ता (धागाकर्ता)

हेड उतरलं. २ आणि ३ च्या मधली गॅस्केटची पट्टी जळून गेलीय, अगदी तुम्ही म्हणालात तिथेच. कर्णात ०.१८ मिमी फीलर जातो, पुस्तकात मर्यादा ०.०५. कॅम मधल्या दोन जर्नलवर अडतो. कठीणपणा टोकांना ८८, २ आणि ३ च्या मध्ये ५८. ब्लॉक सगळीकडे ०.०३ च्या आत आहे. सिलिंडर स्वच्छ. ऑइल फिल्टर कापून कागद पसरून बघितला, चमकणारा चुरा नाही. आता काय करावं?

फीलर_गेज

हे हेड वापरू नका. ०.१८ कदाचित काढता आलं असतं, पण ८८ आणि ५८ मधला फरक काढता येत नाही. हेड बदला, खालचं इंजिन ठेवा. पूर्ण इंजिन बदलायचं कारण तुमच्या मापांत कुठेच दिसत नाही: ब्लॉक सपाट, बोअर चांगले, रिंगांची गळती कमी, फिल्टर स्वच्छ.

काळं_ऑइल

सहमत. बोल्ट मात्र नवे घ्या. टॉर्क आणि मग अंशांत आवळायचे बोल्ट ताणले जाऊन बसतात, ते पुन्हा वापरायचे नसतात. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांतलं ऑइल आणि कूलंट हवेने बाहेर काढा. तळाशी द्रव राहिला तर टॉर्क खोटा येतो आणि बिडाला तडा जाऊ शकतो. थर्मोस्टॅट, कॅप, सगळे रबरी पाइप, वाकलेली नळी आणि कनेक्टर बदला. वॉटर पंपाचं सील कोरडं फिरलंय, तो मी ठेवणार नाही. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्यांच्या शिवणी बघा. फॅन ठरलेल्या तापमानाला सुरू होतो का हेही तपासा. पाइप जुना झाला म्हणून फाटला की आत दाब जास्त होता म्हणून, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

मोकळा_रस्ता (धागाकर्ता)

दोघांचे मनापासून आभार. वापरलेलं हेड मिळतंय, विकणारा म्हणतो चालत्या गाडीतून काढलंय.

फीलर_गेज

तरीही याच तिन्ही चाचण्या त्यालाही लावा: सपाटपणा कॅमसकट, गरम पाण्यातली हवेची चाचणी आणि कठीणपणा. पैसे देण्याआधी, आणि तुमच्या समोर. काही हेडांवर नाण्यासारखी छोटी टिकली चिकटवलेली असते, तिचा मधला भाग साधारण १२४ अंशांना वितळतो. असली आणि मध्य वितळलेला असला तर ते हेड तिथेच ठेवून या. बसवल्यावर सिस्टिममधली हवा नीट काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, आणि पहिलं ऑइल व फिल्टर काही शे किलोमीटरमध्येच बदला. कूलंटची पातळी रोज सकाळी थंड असताना बघून लिहून ठेवा, आणि आकडे इथे टाका.